दोन्ही कान दिसू द्या

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकवत नाही, कंबर धरली आहे. राहिलेला मनातून समजून घ्यावा.) आपले गुडघे काय म्हणतात? वहिनींचा रक्तदाब ताळ्यावर आला का? आपल्या मांजरीने पुन्हा कपाटात पिल्लं घातल्याचं मागच्या पत्रात वाचलं, त्यांचीही प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. (पद्धत इथे संपली. यापुढे नेहमीसारखं 'तू' म्हणतो. एवढं लांबलचक गाऱ्हाणं 'आपण-आपण' करत सांगायला बसलो तर शाई आणि दम दोन्ही संपतील.) फोन का केला नाही, असं तू विचारशील. एक तर फोनवर तू 'हं', 'बरं' आणि 'ठेवू?' याच्या पलीकडे जात नाहीस. दुसरं, आमचं घर अडीच खोल्यांचं, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो त्यातल्या अर्ध्या खोलीत सदैव हजर असतो. म्हणून दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा थोडं थोडं लिहितो आहे. मध्येच सूर बदलला तर समजावं की कोणीतरी फोटोला आलं होतं.

विषय आमच्या चिरंजीवांचा आहे. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि आंघोळीला जा म्हणून त्याला ढकलावं लागायचं. आता पंधरावं सरलं. आता बाहेर ये म्हणून ढकलावं लागतं. सकाळी सहाला न्हाणीघराची कडी लागते ती पावणेसातला निघते. आतून आधी पाण्याचा, मग केस वाळवायच्या यंत्राचा आणि मग कशाचाच आवाज येत नाही. या शेवटच्या शांततेची मला सर्वांत धास्ती वाटते, कारण तेव्हा तो आरशात बघत असतो. पाऊण तासाने बाहेर येतो तेव्हा केस असे असतात की जणू आत्ता झोपेतून उठला आहे. मी एकदा (फक्त एकदा) म्हणालो की हे असं दिसायचंच होतं तर आधीच दिसत होतास. त्यावर तीन दिवस अबोला झाला. हिची दवाखान्यातली सकाळची पाळी सातला सुरू होते, त्यामुळे ती स्वयंपाकघराच्या मोरीत तोंड धुते. मी दाढी दुकानात करतो. गिऱ्हाइकांसाठी लावलेला आरसा आहे ना, ज्याला दोरीने कंगवा बांधलेला आहे, त्यात. परवा अर्ध्या तोंडाला फेस असताना एक बाई आत आल्या, माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि 'केशकर्तनालय कधी झालं?' असं विचारून निघून गेल्या. सव्वीस वर्षांचं दुकान आहे, दादा.

हे सगळं कशासाठी, तर केस कानांवर यावेत यासाठी. कान तुझे आहेत. आजोबांचे तुला आले, तुझे मला वगळून त्याला गेले. मी आपला चपट्या कानांचा राहिलो, त्यामुळे या प्रकरणात माझं मत कोणी विचारातच घेत नाही. लहानपणी ते त्याला शोभून दिसायचे, शेजारपाजारचे मुद्दाम हात लावून बघायचे. मग वर्गात कोणीतरी काहीतरी म्हणालं. काय म्हणालं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. तेव्हापासून केस वाढले आणि आमच्या घरात तो शब्दच बंद झाला. तुला वाटेल, एक शब्द बंद झाला तर काय बिघडतं? बोलून बघ तू दिवसभर त्याच्यावाचून! ही सहज म्हणाली, 'तुझ्या गुरुजींच्या कानावर घालते', तर तो ताटावरून उठला. मी त्याच्या उशिरा उठण्याकडे कानाडोळा करतो, असं म्हणायची सोय नाही. अभ्यास कर म्हणून कानीकपाळी ओरडतो, तेही म्हणता येत नाही. पूर्वी असल्या पोरांचे सरळ उपटायचे, आता काय उपटायचे ते उच्चारायचीसुद्धा चोरी. आपल्या भाषेत या अवयवावाचून पान हलत नाही हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. आम्ही नवराबायको हल्ली एकमेकांशी इतकं जपून बोलतो की शेजाऱ्यांना वाटतं आमचं भांडण झालं आहे.

मधल्या काळात दुकानातली दुहेरी चिकटपट्टी भराभर संपायला लागली. ही पट्टी मी फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायला वापरतो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, एक गुंडाळी सहज दोन महिने जाते. ती पंधरा दिवसांत संपली. मी पुरवठा करणाऱ्याला फोन लावला, माल आखूड देतोस म्हणून नाही नाही ते बोललो, तो बिचारा मीटर घेऊन दुकानात आला आणि माझ्यादेखत नवी गुंडाळी मोजून दाखवली. पूर्ण भरली. दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला की मुलाला घेऊन जा. गेलो तर चिरंजीव बाकावर बसलेले, एक कान डोक्याला सपाट चिकटलेला आणि दुसरा मोकळा. गणिताच्या तासाला घाम आला आणि डावीकडची पट्टी सुटली, म्हणे. उजवीकडची सुटेना. घरी हिने कापसावर तेल घेऊन पाऊण तास ती सोडवली. थोडे केस आले, थोडी कातडी आली. तो रडला नाही. मीच न्हाणीघरात जाऊन आलो. (त्या दिवशी ते रिकामं मिळालं.)

त्या संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं आणि बापाने जे बोलायचं ते बोललो. म्हणालो, 'अरे, मी रोज तीस-चाळीस चेहरे भिंगातून बघणारा माणूस. मला कळणार नाही का? तुझे कान अगदी बेतशीर आहेत. कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. सगळं तुझ्या डोक्यात आहे.' त्याने विचारलं, 'खरं?' मी म्हणालो, 'शपथ.' त्याचा चेहरा जरा सैल झाला. ते 'खरं?' लक्षात ठेव, दादा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर आहे.

पुढे तंत्रशाळेच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज आला. चिरंजीवांना यंत्रं उघडायचं वेड आहे हे तुला माहीत आहेच. (आमचा मिक्सर त्याने चौथीत उघडला, तो अजून मिटलेला नाही.) सबंध वर्षभर तो त्या परीक्षेवर डोळा ठेवून आहे. अर्जावर सूचना चौथी: छायाचित्रात अर्जदाराचे दोन्ही कान स्पष्ट दिसावेत. ती वाचून त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच रात्री जाऊन छापून आलो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. ओळखपत्राच्या फोटोंवर जगणारा मी माणूस, 'हनुवटी खाली, हसू नका, दोन्ही कान दिसू द्या' हे मी दिवसातून चाळीस वेळा ओरडतो. तो पाळण्यात असल्यापासून हेच ऐकत आला आहे. चार दिवस घरात बोलणी झाली. दुकान बंद करून पडदा ओढायचा, ही सोडून कोणी बघायचं नाही आणि आठच्या वर एकही प्रत काढायची नाही, या अटींवर तो तयार झाला. स्टुलावर बसला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कोट (पुढून कोट, मागून नुसते चिमटे) मी त्याला चढवला, केस दोन्ही बाजूंनी मागे घेऊन हिच्या पिनांनी बसवले. इंजेक्शन घ्यायला बसल्यासारखा बसला होता. मी दिवे लावले, बटण दाबलं, झालं.

आता माझा गुन्हा ऐक. फोटो संगणकावर मोठा करून घेतला आणि त्याचा तो चेहरा बघितला, ओठ आत ओढलेले, डोळे कुठेतरी लांब लावलेले. या धंद्यात एक वाईट सवय लागते. लोक फोटो काढायला येतात पण स्वतःचा घेऊन जायला कोणी तयार नसतं. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक दरवर्षी येतात, निवृत्तिवेतनासाठी हयात असल्याचा फोटो लागतो म्हणून, आणि केस काळे करून घेतात. जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा आणि तोही वीस वर्षांपूर्वीचा. एकाची हनुवटी कमी कर, एकीचा तीळ पूस, एकाच्या डोळ्यांखालची जागरणं काढ, असं दिवसभर करून हाताला वळण पडतं. हात आपोआप गेला. दोन्हीकडून थोडे आत घेतले. अगदी थोडे. दिव्याच्या तिरकस उजेडातही तेवढं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. प्रती काढल्या, कापल्या, पाकिटात घातल्या. त्याने पाकीट उघडून एक प्रत बराच वेळ हातात धरली, मग अर्जाला चिकटवली. मला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असेल तर बापाने न मागता दिलेलं आहे, मनातल्या मनात खूश असेल. बघ, किती शहाणा आहे तुझा भाऊ.

नवव्या दिवशी अर्ज परत. शेरा: छायाचित्र अर्जदाराचे वाटत नाही, शाळेने पाठवलेल्या ओळखपत्राशी जुळत नाही, पालकासह समक्ष यावे. गेलो. लांबलचक खोली, सात खिडक्या, चालू फक्त एक. त्यामागे साखळीचा चष्मा लावलेल्या एक बाई, आणि आमच्यामागे सव्वीस माणसांची रांग. (मी मोजली. घाबरलो की मी मोजतो.) बाईंनी फोटो बघितला, मुलगा बघितला, फोटो बघितला. म्हणाल्या, 'केस मागे घे.' त्याने घेतले. 'दोन्हीकडून घे, मला बघू दे.' त्याने दोन्ही हातांनी केस धरले आणि तसाच उभा राहिला, अख्खी रांग मान वाकडी करून बघत असताना. बाई म्हणाल्या, 'फोटोत फेरफार आहे. माणूस जाडा होतो, बारीक होतो, टक्कल पडतं, कान तेच राहतात. आम्ही आधी कानच बघतो.' मग त्यांनी फोटो उलटा केला. मागे माझा शिक्का. निळा, ठसठशीत, मालकाच्या नावासकट. 'कोण हा फोटोवाला?' बाई म्हणाल्या. 'असल्यांची आम्ही यादी करतो. एकदा नाव लागलं की त्याच्याकडचे फोटो इथे कायमचे बंद.'

दादा, माझी अर्धी गिऱ्हाइकं त्या कचेरीच्या अर्जांवर येतात. मी खरं सांगायला तोंड उघडणार होतो असं आज मी सगळ्यांना सांगतो, तुला नाही सांगत, कारण तुला मी ओळखतो आणि तूही मला. मी तोंड उघडणार नव्हतो. तेवढ्यात हा केस तसेच धरून म्हणाला, 'मीच केलं. फोटोवाल्याने बरोबर दिला होता. मी घरी संगणकावर बदलला.' बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला सगळ्या रांगेदेखत झापलं. पोरांच्या हाती यंत्रं देता आणि लक्ष ठेवत नाही, वडील म्हणून काही जबाबदारी आहे की नाही, वगैरे. मी 'हो बाई, चुकलं बाई' म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी नरमून मुदत दिली, वीस तारखेपर्यंत नवा फोटो आणा, नाहीतर अर्ज बाद.

बाहेर आलो. रस्त्यावर बसथांब्याच्या बाकावर बसलो दोघे. मी म्हणालो, 'अरे, कशाला अंगावर घेतलंस?' तो म्हणाला, 'दुकान बंद पडलं असतं.' मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो, तर तोच म्हणाला, 'बाबा, तुम्ही शपथ घेतली होती. कोणाच्या लक्षात येत नाही, सगळं माझ्या डोक्यात आहे म्हणालात. मग तुम्ही ते कमी कशाला केलेत?' रागाने नाही विचारलं. रागाने विचारलं असतं तर मीही रागावून वेळ मारून नेली असती. खरोखर कळत नाही म्हणून विचारलं. बस आली, आम्ही चढलो, उभे राहून घरी आलो.

तेव्हापासून घरात भलतंच सुरू आहे. न्हाणीघर सकाळी रिकामं असतं! सव्वासहाला तो बाहेर. केस विंचरत नाही. आरशात बघत नाही. ही म्हणते, आपण याच दिवसासाठी तोंड धुवायला मोरीत जात होतो, आता तो आला तर मला रडू येतंय. नव्या फोटोला तो बसत नाही. मी म्हणालो, काही करणार नाही, हात लावणार नाही, प्रत काढताना तू शेजारी उभा राहा. नाही. मी म्हणालो, रस्त्यापलीकडच्या स्टुडिओत जा. (हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, दादा. त्या माणसाला दिवा कुठे ठेवायचा कळत नाही.) तरी नाही. परीक्षाच द्यायची नाही, म्हणतो. आवाज न चढवता म्हणतो. मी चार वेळा माफी मागितली. तो दर वेळी 'बरं' म्हणतो, थेट तुझ्यासारखं. बापाच्या शब्दाचं एकदा असं झालं की मग 'चांगला दिसतोस' म्हणा, 'माफ कर' म्हणा, सगळं एकाच मापाने घेतलं जातं. वर्गातल्या पोरांनी जे केलं नाही ते मी केलं, तेही लाडाने. थकलो रे. पोरगं आजारी पडलं तर डॉक्टर असतो, नापास झालं तर शिकवणी असते, याला काय असतं ते कोणी सांगत नाही.

असो. नुसतं मन मोकळं करावं म्हणून लिहिलं, मागणं काही नाही. वहिनींना नमस्कार, मांजरीला व पिल्लांना यथायोग्य. पत्र लांबलं, आणि बाहेर एक गृहस्थ मघापासून कोट घालून उभे आहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. हिचं म्हणणं की तुला 'मागणं काही नाही' असं लिहिलं तर तू ते खरं धरून चालशील, तेव्हा मागणं लिही. तर मागणं असं की, दोन दिवसांसाठी ये. आज सहा तारीख आहे, वीसच्या आत. गुडघ्यांची सबब सांगू नकोस, बस थेट दारासमोर थांबते. यायचं, दुकानात त्याच्यादेखत स्टुलावर बसायचं आणि फोटो काढून घ्यायचा. समोरून, केस मागे. (तुला ते कष्ट नाहीत, केस उरले आहेत कुठे?) आणि तो आहे तसाच काढून भिंतीवर लावायचा, गिऱ्हाइकांसमोर. पोरगं मग बसेल की नाही, मला ठाऊक नाही. माझं ऐकणार नाही हे नक्की. तुझ्याकडे बघेल तरी.

ता. क. २. वहिनींनाही घेऊन ये. त्यांच्या फोटोत मात्र त्या म्हणतील तेवढे बदल करून देईन, मला भांडण नको.

ता. क. ३. हे लिहायचं की नाही यात दोन दिवस गेले. बसथांब्यावर तो बोलला तेव्हा मला तुझा फोटो आठवला. पाणीखात्यात तुझी पहिली नोकरी लागली तेव्हा ओळखपत्रासाठी काढलेला. मी तेव्हा जुन्या स्टुडिओत मालकांच्या हाताखाली काम शिकत होतो, माझ्या हातचा तो पहिला फोटो, आणि तुला खूश करावं म्हणून मी निगेटिव्हवर बारीक ब्रशने शाई लावून दोन्ही कान कमी केले होते. तू फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितलास आणि 'छान आलाय' म्हणालास. मी ते तीस वर्षं कौतुक म्हणून सांभाळलं. काल जुनी सगळी पाकिटं काढून बसलो. माझ्या लग्नातला आहे, आईच्या आजारपणातला आहे, पोरांचे आहेत, एकातही तू नाहीस. नोकरीच्या त्या फोटोनंतर तू माझ्यासमोर फोटोला एकदाही बसलेला नाहीस. मी सगळ्यांना सांगत आलो, दादाला फोटोची आवड नाही.

तुला यायला जमणार नसेल तर राहू दे. पण मग एक ओळ लिहून पाठव, 'बरं' आणि 'हं' सोडून. तेव्हा तुला काय वाटलं होतं? तू मला कधी सांगितलं नाहीस. मला ते त्याला सांगायचं आहे.